ज्वारीतला वाघ

आमच्या शेतात वाघ होता. हे मी आजही मारुतीच्या पायावर हात ठेवून सांगेन, कारण त्याच्या पाठीवरचे पट्टे मी माझ्या बोटांनी ओढले होते. नातवंडांना सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात आणि ‘आजी, थोडं पाणी पी’ म्हणतात. म्हणून आता कागदावर लिहून ठेवते. कागद मध्ये बोलत नाही.

आमचं घर गावात नव्हतं, शेतातच होतं. अनसिंगहून कोसभर, नाल्याच्या काठाला. मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, पुढे ओसरी, आणि भिंतीला भिंत लावून बैलांचा कोठा. त्यामुळे बैल रवंथ करायचे ते आम्हाला अंथरुणात ऐकू यायचं. घराच्या तीन बाजूंना ज्वारी. तीही गावरान, इतकी उंच की माणूस हात वर करून आत उभा राहिला तरी बोटं दिसायची नाहीत. हायब्रीडची बुटकी ज्वारी तेव्हा आजूबाजूच्या शेतांत आलेली होती, पण बाबांना तिची भाकर आवडत नसे. “रबर खाल्ल्यावानी लागते,” म्हणायचे आणि गप्प बसायचे. बाबांचं दिवसभराचं बोलणं साधारण एवढंच असे. उरलेलं सगळं माय बोलायची, बाबांच्या वाट्याचंही. बैलांशी बोलायची, चुलीशी बोलायची, पाळण्यातल्या माझ्या भावाशी तर वाद घालायची. दिवाळीच्या सुमारास सकाळी चुलीवर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर पडायची, तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जायची, त्यांच्या भरितावर माय कच्चं तेल सोडायची, आणि त्या वासानं कोठ्यातला बैलसुद्धा मान वळवतो असं ती म्हणायची. मला ते खरं वाटायचं. अजूनही वाटतं.

ज्वारी दुधात आली की वानरं यायची. पोपट आधी यायचे, पण पोपट हे पाहुणे. आले, ओरडले, खाल्लं, गेले. वानरांचं तसं नव्हतं. नाल्याकाठच्या चिंचांवर त्यांचं बिऱ्हाडच होतं. ऊन जरा वर आलं की एकेक उतरायचं, कणीस मोडायचं, दोन दाणे चावायचं, फेकायचं, दुसरं मोडायचं. एखाद्या चोखंदळ गिऱ्हाइकानं दुकान विस्कटावं तसं ती शेत विस्कटायची. त्यांचा म्होरक्या हुप्या हा मोठा, काळ्या तोंडाचा आणि फार शांत होता. बाबा त्याला सरपंच म्हणायचे, कारण तो स्वतः काही करायचा नाही, उंचावर बसून सगळ्यांकडे बघायचा आणि चांगलं कणीस त्याला आणून दिलं जायचं. बाबांनी गोफण उचलली की माय आडवी यायची. “मारू नका, मारुतीचं लेकरू आहे ते.” आणि तोंड फिरवून लगेच त्या लेकरांना सुरू करायची, “अरे मेल्याहो, देवाचे आहा मनून वाचले, नाईतर एकेकाची शेपूट उपटून दावं वळलं असतं!” दर शनिवारी ती चिंचेखाली त्यांच्यासाठी गूळ-फुटाणे ठेवायची. वानरं ते खाऊन, तोंड पुसून, थेट ज्वारीत यायची.

या सगळ्यात माझी शाळा अडकली होती. मी सातवीत होते. माय आणि बाबा तिकडच्या वावरात कापूस वेचायला जायचे आणि ज्वारीच्या राखणीला मला मचाणावर बसवायचे. चार बांबू, वर पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग, हातात डालड्याचा रिकामा डबा आणि एक काठी. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली, आणि मी मचाणावरच. बाबांना विचारलं तर म्हणाले, “कणसं खयात आली का तू शायेत.” म्हणजे कणसं खळ्यात येईपर्यंत शाळा नाही. बाबांनी एकदा म्हटलं म्हणजे ते दगडावर लिहिल्यासारखं असे, ना कमी, ना जास्त. मी मचाणावर भूगोल वाचायची आणि वानरं दिसली की डबा बडवायची. चौथ्या दिवशी वानरांना डब्याची सवय झाली. पाचव्या दिवशी सरपंच मचाणाच्या शिडीपाशी येऊन बसला आणि मी बडवत होते तिकडे लक्ष देऊन ऐकू लागला.

एके दिवशी आमचे गुरुजी सायकलवरून रस्त्यानं चालले होते. मला मचाणावर पाहून उतरले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, “सुमन, पुढच्या सोमवारी सातवीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे आहेत! तू स्वतः यायचं, सही तुझी लागते. नाही आलीस तर या वर्षी परीक्षा नाही!” मी मान हलवली. ते गेले आणि मला रडू आलं. माझ्या वर्गात सुरुवातीला अकरा मुली होत्या, त्या वर्षी आम्ही तिघी उरलो होतो. बाकीच्या आठजणींपैकी कुणीच शाळा सोडली नव्हती. त्या फक्त एका हंगामापुरत्या घरी राहिल्या होत्या. मला त्या गोष्टीची फार भीती वाटायची, आणि ती भीती मी कुणाला सांगू शकत नव्हते, कारण मचाणावर ऐकायला सरपंचाशिवाय कुणी नव्हतं.

बुजगावणं करून झालं होतं. बाबांचा लग्नातला कोट घालून, डोक्याला मडकं लावून आम्ही ते ज्वारीच्या मधोमध उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वानरीण त्याच्या खांद्यावर बसून मडक्यातल्या उवा शोधत होती. त्यानंतर तीन दिवसांनी कोट नाहीसा झाला. माय म्हणायची की तो तिनं सरपंचाच्या अंगावर पाहिला. मी स्वतः पाहिला नाही, पण बाबा त्या दिवशी बराच वेळ चिंचेकडे बघत उभे होते.

हे सगळं व्हायच्या आधी, म्हणजे शाळेची सुट्टी अजून चालू होती तेव्हा, भाऊबीज झाली होती, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. मायचा धाकटा भाऊ पुंजाजी, आमचा पुंजामामा, दर भाऊबिजेला यायचा आणि ज्वारीची सोंगणी, म्हणजे कापणी, होईपर्यंत राहायचा. अंगानं बारीक, मिशा मात्र जाड, आणि भित्रा असा की ओसरीवर पाल दिसली तर बैलांच्या मागे जाऊन उभा राहायचा. पण वर्षातून एकदा हाच मामा वाघ व्हायचा. लहानपणी तो फार आजारी पडला होता तेव्हा त्याच्या आईनं मोहरमच्या सवारीला, म्हणजे मिरवणुकीतल्या पंजाला, नवस बोलला होता: पोरगा जगला तर दरवर्षी वाघ होऊन नाचेल. आमच्याकडे हा नवस हिंदूही बोलतात, मुसलमानही. अंगाला पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, मागे शेपूट, आणि ताशाच्या ठेक्यावर सवारीपुढे नाच. सगळे पट्टे कुणीही ओढावेत, पण गळ्यापासून बेंबीपर्यंतचा छातीवरचा शेवटचा पट्टा वाघांना तयार करणारे उस्तादच ओढणार. तो पट्टा ओढला की माणूस वाघ झाला. त्या दिवसांत मामाकडे पाहिलं तर पाल घाबरून पळाली असती. पंचक्रोशीत वाघांची रांग निघायची तिच्यात पहिला मान पुंजामामाचा होता, आणि त्याच्याकडे अभिमान वाटण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तर भाऊबिजेला मायनं त्याला ओवाळलं. मामानं खिशातून खणाचं कापड काढलं. मायनं ताट मागे घेतलं.

“मले खण नको.”

“मंग काय पायजे ताई? सांग.”

“मले वाघ पायजे.”

मामाला आधी कळलंच नाही. मायनं हातानं ज्वारी दाखवली, चिंच दाखवली, आणि मग त्याच्याकडे बोट केलं. मामाच्या हातातला लाडू तसाच राहिला.

“ताई, वाघ मोहरमचा असते. वांदरासाठी वाघ नाई होत. उस्तादाले समजलं तर मले रांगेतून काढून टाकीन.”

“त्याले कोण सांगते? भाऊ ओवाळणीत नाई मनत नाई, पुंजा. ही पोट्टी मचाणावर बसून राह्यली तर इची शाया जाईन.” माय हे म्हणाली तेव्हा मी दाराआड होते. मला वाटलं होतं तिला माझ्या शाळेचं काही नाही. तिनं ताट पुन्हा पुढे केलं. ताटातली वात संपत आली होती. मामानं वातीकडे पाहिलं, माझ्या दाराकडे पाहिलं, आणि खणाचं कापड परत खिशात घातलं.

मात्र त्यानं अट घातली. छातीवरचा शेवटचा पट्टा ओढायचा नाही. तो नसला की आपण नवसाचा वाघ नाही, नुसता रंग लागलेला पुंजा. आणि ही गोष्ट आम्हा चौघांबाहेर जाता कामा नये. त्यानं आम्हा तिघांना आरतीच्या ताटावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. बाबांनीही हात ठेवला. बोलायचं नाही ही शपथ त्यांना सोपी होती.

गुरुजी येऊन गेल्यावर, ज्वारी पिकायला आली तशी कोठ्यामागे आम्ही मामाला रंगवायला बसलो. दिवाळीत भिंतींना दिलेली पिवडी उरली होती, ती मायनं कालवली. काळ्यासाठी तव्याची काजळी खरवडून जवसाच्या तेलात घोटली. तेलाची कल्पना मायच्या डोक्यातून आली. रंग टिकला पाहिजे म्हणाली. तो इतका टिकला की पुढे तोच घोर झाला. पाठीवरचे पट्टे माझ्याकडे आले. मामा गुदगुल्यांनी हलायचा, त्यामुळे काही पट्टे सरळ गेले, काही खांद्यापाशी वळून भलतीकडेच गेले. दाव्याला मायच्या जुन्या पिवळ्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून शेपूट केली. आरशाच्या तुकड्यात मामानं स्वतःला पाहिलं आणि एकदम गंभीर झाला. “सुमे, डबा घे,” तो म्हणाला. “ताशाबिगर मले गुरगुरता येत नाई.”

मी मचाणावर चढले. ऊन वर आलं, चिंचेवरून वानरं उतरली, सरपंच बांधावर येऊन बसला. मी मोहरमच्या ठेक्यात डबा वाजवला. खाली ज्वारी हलली, कणसांची रांगच्या रांग डोलत गेली, आणि बांधापाशी मामा दोन पायांवर उभा राहून असा ओरडला की माझ्या हातातली काठी पडली. सरपंच मागच्या मागे कोलमडला. सगळं बिऱ्हाड, पिल्लं पोटाशी धरून, नाला ओलांडून पळालं. पळताना ते मागे वळून बघत होतं आणि मामा नाचत होता, कारण डबा थांबला तरी त्याचा नाच थांबत नव्हता. त्या दिवशी त्यानं चार भाकरी खाल्ल्या, ओसरीवर मांडी घालून, पट्ट्यांसकट. माय वाढताना पुन्हा पुन्हा म्हणत होती, “खाय रे माह्या वाघा.” बाबा एकदा हसले. मी ते पाहिलं म्हणून सांगते.

तीन दिवस एक कणीस मोडलं गेलं नाही. ज्वारी पिकून वाजू लागली, आणि बाबांनी गावात भागाबाईला निरोप पाठवला. भागाबाई म्हणजे सोंगणीच्या बायांची पुढारीण. तिच्या शब्दावर अठरा-वीस बाया विळे घेऊन निघायच्या, आणि तिनं नाही म्हटलं तर त्या हंगामात कुणाच्या वावरात पाऊल पडायचं नाही. ती आधी स्वतः येऊन कणीस चावून बघायची आणि मगच दिवस ठरवायची. नेमकी गुरुवारी ती आली, न सांगता, बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं. आणि नेमका तेव्हा मामा विडी पेटवताना सरीत पडलेली काडेपेटी हातापायांवर रांगत शोधत होता. भागाबाईला ज्वारीतून फक्त मागची बाजू दिसली: पट्टे आणि शेपूट. मला मचाणावरून ती दिसली नाही; मला वाटलं ज्वारी हलतेय म्हणजे वानरं आली. मी डबा वाजवला. डबा वाजल्याबरोबर मामा सवयीनं गुरगुरला.

भागाबाई गेली ती रस्त्यानं गेली की नाही कुणाला माहीत नाही. धुऱ्यावर तिच्या दोन चपला सापडल्या, दोन वेगळ्या दिशांना तोंड करून.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सकाळपर्यंत वाशिमच्या स्टेशनावर गाडीची वाट बघणाऱ्यांना त्या वाघाची लांबी माहीत होती. शुक्रवारी कुणी सांगितलं की वाघीण आहे, सोबत दोन पिल्लं आहेत. बाबा बाया आणायला गावात गेले आणि एकटेच परत आले. मायनं विचारलं तर म्हणाले, “वाघ आहे मनतेत. येत नाई मनतेत.” मग जरा वेळानं, पडलेल्या चेहऱ्यानं, “मी सांगतलं, काई करत नाई तो. घरचाच आहे.”

“असं सांगतलं?” माय कपाळाला हात लावून खाली बसली. बाबा आयुष्यात एकदा जास्तीचं वाक्य बोलले आणि ते हे. त्यानंतर गावात असं ठरलं की आम्ही भीतीनं भ्रमिष्ट झालो आहोत.

मामाला रंग पुसायला सांगितला, म्हणजे तो साध्या वेषात गावात जाऊन बायांना समजावेल. शिकेकाई लावली, राख लावली, शेवटी ताक लावलं. जवसाच्या तेलातली काजळी. पट्टे फक्त चकाकले. शनिवारी दूधवाल्यानं बातमी आणली की मेडशीहून कुणाचा तरी मेहुणा बंदूक घेऊन रविवारी दुपारच्या एसटीनं येतोय. मामा हे ऐकून ज्वारीच्या रिकाम्या कणगीत जाऊन बसला. माय वरून भाकर द्यायची आणि आतून पिवळा हात ती घ्यायचा. मला हसायला यायला हवं होतं. पण चार एकर ज्वारी उभी होती, दाणा गळायला लागला होता, वानरं नाल्यापलीकडे एकेक करून परत जमत होती, आणि सोमवार परवावर आला होता. आपण हे सगळं माझ्या शाळेसाठी केलं आणि त्यानंच शाळा गेली, असं मला वाटलं. त्या दिवशी मी भूगोलाचं पुस्तक उघडलंच नाही.

रविवारी सकाळी मी शपथ मोडली. कुणाला न सांगता अनसिंगला चालत गेले. भागाबाई विहिरीवर होती, सोबत तिच्या टोळीतल्या बऱ्याच बाया. मी सगळं सांगितलं: ओवाळणी, पिवडी, काजळी, काडेपेटी. त्या ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर भागाबाईनं घागर खाली ठेवली.

“कोणाची व्हय वं तू पोट्टी? खोटं बोलते काहून? मी माह्या डोयानं पाह्यला. चार पाय होते त्याले.”

“दोन हात होते ते, मावशी.”

“मले हात आन् पाय समजत नाईत काय? सोंगणीले बाया पायजे मनून इच्या बापानं शिकवून धाडलं इले.” बाया माना हलवू लागल्या. मी मारुतीची शपथ घेतली, विद्येची घेतली. एकजण म्हणाली, पुंजाजी कसा करीन असं, तो मोहरमचा वाघ आहे, त्याले लाज नाई काय. तेव्हा मला कळलं की मामानं मायला काय दिलं होतं. मी रडायला लागले, आणि रडण्यामुळे मी आणखीच खोटी दिसू लागले.

तेवढ्यात रस्त्यावर कुत्री भुंकू लागली. मोठमोठ्यानं, गावातली सगळी. त्यांच्यामधून घोंगडी पांघरलेला एक माणूस पळत येत होता, नोव्हेंबरच्या उन्हात, तोंडापर्यंत घोंगडी. एका कुत्र्यानं टोक धरलं, घोंगडी गेली, आणि भर दिवसा, गावाच्या विहिरीवर, पिवळाधमक वाघ धोतर सावरत उभा राहिला. बायांनी एकच किंकाळी फोडली. भागाबाईनं धार लावायला आणलेला विळा उचलला.

“मी पुंजा आहो!” वाघ ओरडला. “पुंजा! भागाबाई, इळा खाली ठेव! बंदुकीवाला आला काय?”

मामा मला थांबवायला निघाला होता की साक्ष द्यायला, हे त्यानं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी अनेकदा विचारलं. तो म्हणायचा, कणगीत फार उकडत होतं.

भागाबाई त्याच्याभोवती फिरली. बोटानं एक पट्टा घासून पाहिला. “पुंजाचा वाघ मी दरसाल पाहतो,” ती म्हणाली. “नाचून दाखव.” मामानं माझ्याकडे पाहिलं. मी एक रिकामी घागर पालथी घेतली आणि ठेका धरला. आणि मामा नाचला. उन्हात, कुत्र्यांच्या मध्ये, धोतरावर, शेपटीशिवाय. सुरुवातीला त्याची मान खाली होती, पण ठेका जसा चढला तसा तो ते सगळं विसरला. भागाबाई हसता हसता खाली बसली. तिला उचकी लागली. बाया एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. “अवं माय, हा वाघ! याच्यासाठी माह्या चपला गेल्या!”

हसणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसत विचारलं, “पण काहून केलं रे बाप्पा हे?”

“ह्या पोट्टीले उद्या शायेत जायचं आहे,” मामा म्हणाला. “फारम भराले.”

भागाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग वळून बायांना म्हणाली, “इळे घ्या वं. जवारी गयून राह्यली.” आणि मामाला, “पण वाघानं आमच्या संग सोंगायचं. एक पूर्ण तास, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. बाया मागं, वाघ पुढं.”

त्या दिवशीची सोंगणी मी विसरणार नाही. वीस बायांच्या पुढे पिवळा मामा वाकून ज्वारी सोंगत होता, आणि त्यांचं गाणं होतं त्यात वाघाचं नाव घुसलं होतं. दुपारच्या एसटीनं तो बंदूकवाला खरंच आला. बांधावर उभा राहून त्यानं बराच वेळ पाहिलं, मग चिंचेखाली बंदूक टेकवून मायच्या हातचं भरीत-भाकर खाल्लं आणि परतीची गाडी पकडली. नाल्यापलीकडून सरपंचही सगळं बघत होता. वाघ वाकून काम करतो हे पाहिल्यावर त्याचा वाघावरचा विश्वास उडाला असावा, कारण तो पुन्हा कधीच मामाला घाबरला नाही.

सोमवारी सकाळी ज्वारी जमिनीवर पडलेली होती, पेंढ्यांच्या रांगा लागल्या होत्या, पण कणसं मोडायची राहिली होती. खळं सारवून तयार होतं आणि रिकामं होतं. मी वेणी घालून, दप्तर मांडीवर घेऊन ओसरीवर बसले. बाबांनी शब्द दिला होता तो कणसं खळ्यात आल्यावरचा. बाबा बैलांना पाणी पाजून आले, माझ्याकडे पाहिलं, आणि वावरात गेले. एका पेंढीतून त्यांनी चार-पाच कणसं मोडली, खळ्यापर्यंत चालत आले, आणि ती मधोमध नीट ठेवली.

“कणसं खयात आली,” बाबा म्हणाले. “जाय.”

मी धावतच गेले. फॉर्मवर सही केली तेव्हा हाताला माती होती, आणि कागदावर तिचा ठसा उमटला. गुरुजींनी तो तसाच गठ्ठ्यात ठेवला.

आता तिकडे ज्वारी कुणी पेरत नाही, सगळीकडे सोयाबीन. वानरं शहरात आलीत. माझ्या वाशिमच्या घराच्या गच्चीवर बसून ती मसाल्याचे पापड नेतात, आणि मी त्यांच्यावर ओरडते तेव्हा मला माझ्याच तोंडून माय ऐकू येते. मामाला जाऊनही बरीच वर्षं झाली. पण एक गोष्ट सांगायची राहिली.

त्या वर्षी मोहरम थंडीत आला. गोष्ट उस्तादांपर्यंत पोचली होतीच; विहिरीवरचा नाच झाकणार कसा? त्यांनी मामाला रांगेतून काढलं नाही, पण पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेवर पाठवलं, आणि छातीवरचा पट्टा ओढायला नकार दिला. वांदराच्या वाघाले माह्या हातचा पट्टा नाई, म्हणाले. आमची शाळा सुटत होती तेव्हाच मिरवणूक शाळेसमोरून निघाली. मी फाटकाशी उभी होते. एकेक वाघ गेला, ताशे गेले, आणि सगळ्यात शेवटी पुंजामामा आला. नाचत होता, पण मान खाली. त्याच्या छातीच्या मधोमध पिवळी जागा तशीच कोरी होती. मला फार वाईट वाटलं. त्याचा मान माझ्यामुळे गेला होता, आणि मी तिथे दप्तर घेऊन उभी होते.

मी त्याला हाक मारली. तो थांबला. मी दप्तरातली दौत काढली, झाकण उघडलं आणि बोट बुडवलं.

“सुमे, निळी शाई आहे ते,” मामा म्हणाला.

“माझ्याकडे हीच आहे.”

तो छाती काढून उभा राहिला, जरासुद्धा हलला नाही. मी गळ्यापासून बेंबीपर्यंत पट्टा ओढला, सावकाश, सरळ. शेवटच्या ताशावाल्यानं ते पाहिलं आणि ठेका बदलला. मामानं मान वर केली आणि असा ओरडला की पुढच्या रांगेतले सगळे वाघ वळून बघायला लागले. त्या वर्षी अनसिंगच्या मोहरममध्ये एका वाघाचा एक पट्टा निळा होता.